भांडण डॉक्टरांचे, किंमत रुग्णाची

या सदरातून आपण नेहमी पथ्यपाणी, लसी, साथीचे आजार यांविषयी बोलतो. आज एका कादंबरीविषयी बोलायचे आहे. आरोग्याच्या सदरात कादंबरी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी रुग्णालयाची पायरी चढावी लागते. तिथे आपण डॉक्टर पाहतो, औषध पाहतो, बिल पाहतो. पण दोन डॉक्टरांमध्ये, डॉक्टर आणि नर्समध्ये, ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये काय धुसफूस चालली आहे ते आपल्याला दिसत नाही. दिसत नसले, तरी त्याचा परिणाम आपल्या खाटेपर्यंत येऊन पोचतो. तो कसा पोचतो, हे या कादंबरीत फार स्पष्ट दिसते.

कादंबरीचे नाव 'द फायनल डायग्नोसिस', म्हणजे 'अखेरचे निदान'. लेखक आर्थर हेली. 'हॉटेल' आणि 'एअरपोर्ट' या त्यांच्या कादंबऱ्या आपल्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्यांनाही चांगल्या परिचयाच्या आहेत. हेली जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते, पुढे कॅनडात गेले. ते डॉक्टर नव्हते. १९५७ साली त्यांनी दूरचित्रवाणीसाठी रुग्णालयावर एक नाटक लिहिले, त्यावरून १९५९ साली ही कादंबरी आली आणि १९६१ साली तिच्यावर 'द यंग डॉक्टर्स' हा चित्रपट निघाला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची अमेरिकेतली गोष्ट. त्यातल्या तपासण्या आणि औषधे आता जुनी झाली आहेत. माणसे मात्र जुनी झालेली नाहीत, म्हणून तिच्याविषयी आज लिहितो आहे.

गोष्ट पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बर्लिंग्टन या गावातल्या एका रुग्णालयात घडते. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. जोसेफ पिअर्सन. वय झालेले, अनुभव दांडगा, स्वभाव तापट. रक्त, लघवी, शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा, शवविच्छेदन, सगळे याच विभागाकडे येते. काम वाढत गेले, पण डॉक्टरांना कोणी मदतनीस नको आहे. रिपोर्ट उशिरा येतात म्हणून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चिडलेले आहेत. प्रयोगशाळेत जुनी यंत्रे, जुन्या पद्धती. बदल सुचवला की पिअर्सन यांना तो आपला अपमान वाटतो. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉ. केंट ओ'डोनेल यांना हे सारे कळते, पण पिअर्सन यांना बोलायचे कोणी? त्यातून रुग्णालयाला नव्या इमारतीसाठी मोठी देणगी देऊ शकणारा एक धनिक पिअर्सन यांचा जुना स्नेही आहे. त्यांना दुखवले तर देणगी जाणार. मग थोडे थांबू, समजुतीने घेऊ, असे चालू राहते. शेवटी डॉ. डेव्हिड कोलमन नावाचा तरुण, हुशार आणि थोडा ताठ असा मदतनीस नेमला जातो आणि संघर्षाला तोंड फुटते.

वाचकहो, तपशील अमेरिकेतले असले तरी ज्यांनी कोणतीही मोठी संस्था आतून पाहिली आहे, त्यांना यातले काही नवे वाटणार नाही.

आता या भांडणाची किंमत कोण देतो ते पाहा. प्रयोगशाळेत जॉन अलेक्झांडर नावाचा एक तरुण तंत्रज्ञ नव्याने लागला आहे. त्याची बायको एलिझाबेथ गरोदर आहे. त्यांचे पहिले मूल आधीच दगावलेले. एलिझाबेथचे रक्त आर. एच. निगेटिव्ह, जॉनचे पॉझिटिव्ह. इथे कथा थोडी थांबवून ही आर. एच.ची भानगड समजावून घेऊ, कारण ती आपल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे.

आपले रक्त ए, बी, एबी किंवा ओ गटाचे असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याखेरीज तांबड्या पेशींवर आर. एच. नावाचा आणखी एक घटक असतो. तो असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. १९४० च्या सुमारास हा घटक शास्त्रज्ञांना सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातले सुमारे पंधरा जण निगेटिव्ह असतात. आपल्याकडे हे प्रमाण साधारण शंभरात पाच. निगेटिव्ह असणे हा आजार नव्हे, दोषही नव्हे. अडचण येते ती आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा. अशा जोडप्याचे बाळ पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईच्या शरीराला त्या पेशी परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिल्या बाळाला बहुधा काही होत नाही, कारण ते तोवर जन्मलेले असते. पण पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असले, तर ही प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळ पांढरे पडते, जन्मताच कावीळ चढते, कधी कधी पोटातच दगावते.

म्हणून निगेटिव्ह आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे गरोदरपणातच तपासतात. कादंबरीतल्या रुग्णालयात या कामासाठी दोन तपासण्या होत असत. पण काही प्रतिपिंडे अशी असतात की ती पेशींना चिकटतात, पण पेशींच्या गुठळ्या होत नाहीत, त्यामुळे साध्या तपासणीत ती हाती लागत नाहीत. ती पकडण्यासाठी १९४५ साली इंग्लंडमध्ये डॉ. कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी तपासणी शोधून काढली होती. जॉन अलेक्झांडर नुकताच शिकून आलेला, त्याला हे ठाऊक होते. आपल्याकडे ही तिसरी तपासणीही करायला हवी, त्यासाठी लागणारे द्रव्य मागवू या, असे तो अदबीने सुचवतो. कोलमनलाही ते पटते. पिअर्सन यांना पटत नाही. दोन तपासण्या इतकी वर्षे पुरत होत्या, आता तिसरी कशाला, खर्च कशाला, आणि कालचा पोरगा मला काय शिकवणार! या ओढाताणीत नेमकी एलिझाबेथच्या रक्ताची तिसरी तपासणी होतच नाही. दोन तपासण्यांवर काळजीचे कारण नाही असा रिपोर्ट जातो. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मते, आजारी असते, त्याचे रक्त बदलण्याची शिकस्त केली जाते आणि ते दगावते.

ज्या माणसाला धोका कळला होता, ज्याने तो बोलून दाखवला होता, त्याचेच मूल गेले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. रुग्णालयात ती उलटी होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा जीव जातो.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की म्हातारा खलनायक आणि तरुण नायक, अशी ही सरळ गोष्ट आहे. तसे नाही. रुग्णालयातल्या व्हिव्हियन नावाच्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या गुडघ्यावर गाठ येते. गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला जातो. कर्करोग असेल तर मांडीपासून पाय काढावा लागणार. साधी गाठ असेल तर काहीच करायला नको. कोलमन म्हणतो साधी गाठ, पिअर्सन म्हणतात कर्करोग. काचपट्ट्या बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे पाठवल्या जातात, तर त्यांचीही मते परस्परविरुद्ध येतात. निर्णय पिअर्सन यांनाच घ्यावा लागतो. पाय काढला जातो. आणि नंतर काढलेला पाय तपासल्यावर दिसते, की म्हातारा बरोबर होता. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसाने जे पाहिले, ते नव्या पुस्तकांवर वाढलेल्या डोळ्याला दिसले नव्हते.

मला या कादंबरीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एका प्रकरणात तरुणाचे बरोबर, दुसऱ्यात म्हाताऱ्याचे. म्हणजे शहाणा कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा आहे, की शंका आली तेव्हा ती कशी हाताळली गेली? पायाच्या बाबतीत मतभेद उघडपणे मांडला गेला, बाहेरचे मत मागवले गेले, विचार करून निर्णय झाला. निर्णय कठोर होता, पण योग्य मार्गाने झाला. बाळाच्या बाबतीत शंका दडपली गेली. पिअर्सन तेच, कोलमन तोच, प्रयोगशाळा तीच. फरक फक्त एवढाच.

कादंबरीतली तिसरी घटना भटारखान्यात घडते. रुग्णालयातल्याच लोकांना टायफॉईड होऊ लागतो. भांडी धुण्याचे यंत्र जुने झाले होते, त्यातले पाणी पुरेसे तापत नव्हते. आहार विभागाच्या प्रमुख बाई नवे यंत्र मागत होत्या, पण पैसे नव्हते. भटारखान्यातल्या नोकरांच्या शौचाची नियमित तपासणी व्हायला हवी होती, ती प्रयोगशाळेकडून राहून गेली होती. आणि त्या नोकरांत एक जण टायफॉईडच्या जंतूंचा वाहक निघाला. वाहक म्हणजे असा माणूस, की जो स्वतः ठणठणीत असतो, पण ज्याच्या शौचातून जंतू बाहेर पडत राहतात. टायफॉईड बरा झालेल्यांपैकी काही थोड्या जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण अशी वाहक होती. १९०७ साली तिचा शोध लागला तेव्हा एकामागून एक अनेक घरांत तिच्या हातच्या जेवणातून आजार पोचला होता. तर कादंबरीतल्या रुग्णालयाला आता टाळे लागण्याची वेळ येते.

इथेही पाहा, यंत्र बिघडल्याचे कोणाला तरी ठाऊक होते. त्या बाईंनी ते सांगितलेही होते. ऐकणारा माणूस तेवढा नव्हता.

आता माझी एक गोष्ट सांगतो. नव्याने डॉक्टर झालो होतो तेव्हाची. रात्रपाळी होती, वॉर्ड भरलेला होता. सात नंबरच्या आणि अकरा नंबरच्या खाटेवरच्या रुग्णांची आडनावे एकच होती, नावेही ऐकायला जवळची. एकाला रक्त द्यायचे होते. रक्तपेढीतून बाटली आली, मी ती लावायला निघालो. ड्यूटीवरच्या सिस्टर वयाने माझ्या आईएवढ्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, लावण्याआधी एकदा केसपेपर बघता का?" मी दोन रात्री झोपलेलो नव्हतो. नातेवाईक भोवती उभे होते. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही मला शिकवू नका." त्या गप्प राहिल्या, पण बाटलीवरचा हात त्यांनी काढला नाही. "शिकवत नाही डॉक्टर, एकदा बघा फक्त," एवढेच पुन्हा म्हणाल्या. मी रागारागाने केसपेपर ओढून घेतला. रक्त अकरा नंबरचे होते आणि मी सात नंबरजवळ उभा होतो. दोघांचे गट वेगळे होते.

चुकीच्या गटाचे रक्त गेले तर काही मिनिटांत माणसाला थंडी वाजून येते, कंबर दुखू लागते, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे बंद पडतात, माणूस दगावू शकतो. त्या रात्री यातले काही झाले नाही. सकाळी राउंडच्या वेळी मोठ्या डॉक्टरांना मी हे सांगितले नाही. सिस्टरांनीही सांगितले नाही. काही दिवसांनी त्यांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. मी त्यांची माफी मागितली नाही आणि आभारही मानले नाहीत. आता त्याला पुष्कळ वर्षे झाली, पण रक्ताची बाटली हातात घेतली की तो हात आठवतो.

आपल्याकडे नर्सला, वॉर्डातल्या मावशींना, प्रयोगशाळेतल्या पोराला आपण सहज सांगतो, 'सांभाळून घ्या, सहन करा, मोठ्यांच्या नादी लागू नका.' टिकून राहायचे तर सोसायला शिकले पाहिजे, अशी आपली समजूत आहे. मला हे पटत नाही. त्या सिस्टर टिकून राहिल्या, पण सोसून नव्हे. माझा शब्द त्यांनी सोसला, रुग्णावरचा धोका सोसला नाही. अपमान गिळून बाटलीवरचा हात न काढणे, याला मी खरे धैर्य म्हणतो. आणि हेही सांगितले पाहिजे, की कोणत्याही रुग्णालयाने अशा धैर्यावर विसंबून राहू नये. दर रात्री त्याच सिस्टर ड्यूटीवर असतील असे थोडेच आहे? त्या जागी एखादी नवखी मुलगी असती, तर माझा आवाज ऐकून तिने हात काढून घेतला असता. जॉन अलेक्झांडर नवखाच होता. तो बोलला, पण त्याला पुढे रेटता आले नाही. त्यात दोष त्याचा नव्हता.

म्हणून नियम हवेत आणि ते वरच्या माणसालाही लागू हवेत. याचा पुरावा आता आपल्याजवळ आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक साधी यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी काय काय तपासायचे, याची एक कागदभर यादी. हाच रुग्ण ना? हीच बाजू ना? ॲलर्जी आहे का? कापूस, सुया मोजल्या का? आणि चिरा घेण्यापूर्वी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे. आठ देशांतल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली गेली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष छापून आले. यादीपूर्वी शस्त्रक्रियेच्या रुग्णांपैकी शंभरात दीड दगावत होते, नंतर एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ टक्के. मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही.

नाव सांगण्याने काय होते, असे वाटेल. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, त्याला पुढे शंका आली तर पुन्हा तोंड उघडणे सोपे जाते. मोठ्या डॉक्टरांनाही नुसती 'ए सिस्टर' न दिसता एक नाव असलेला माणूस दिसतो. यादीतला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरत नाही, ते कामच ठरते. त्या रात्री असा नियम असता, तर सिस्टरांना माझ्याशी हुज्जत घालावी लागली नसती आणि मलाही माझा अपमान झाला असे वाटले नसते.

यावर माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, की रुग्णालय ही काही ग्रामसभा नव्हे. आणीबाणीच्या वेळी एकाने हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी तो पाळायचा असतो, नाहीतर रुग्ण हातचा जाईल. हे खरे आहे. रक्तस्राव होत असताना चर्चा करीत बसता येत नाही. पण एलिझाबेथच्या रक्ताची तपासणी ही आणीबाणी नव्हती. भांडी धुण्याचे यंत्र ही आणीबाणी नव्हती. रुग्णालयातले बहुतेक निर्णय असे असतात, की ज्यात 'एकदा बघता का?' या प्रश्नाला दोन मिनिटे देता येतात. हुकमाची गरज क्वचित असते. त्याची सवय मात्र रोजची होऊन बसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डॉ. पिअर्सन वाईट माणूस नव्हते. एकेकाळी ते आपल्या विषयात अग्रेसर होते. कादंबरीच्या शेवटी ते राजीनामा देतात आणि जाण्यापूर्वी कोलमनशी मन मोकळे करतात. दिवसाचे काम कसे संपतच नाही, नवे वाचन उद्यावर कसे ढकलले जाते, आणि एके दिवशी आपण मागे पडलो आहोत हे कसे लक्षात येते, ते सांगतात. हे त्याच्याही बाबतीत होऊ शकते, असे बजावतात. कोलमनची जिरते म्हणा, किंवा त्याला शहाणपण येते म्हणा. आपल्या भागात सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत ओपीडी पाहणारा प्रत्येक डॉक्टर हा कधी ना कधी पिअर्सन होण्याच्या वाटेवर असतो, त्यात मीही आलो. यावर उपाय एकच. जो आपल्याला प्रश्न विचारतो, त्याला जवळ ठेवणे.

आणि वाचकहो, आपलाही यात वाटा आहे. काही चुकले की नातेवाइकांनी काचा फोडायच्या, डॉक्टरांच्या अंगावर धावून जायचे, हे प्रकार इतके वाढले की महाराष्ट्रात २०१० साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय नासधुशीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. पण शिक्षेहून मोठी गोष्ट अशी, की भीतीच्या वातावरणात चूक कबूल होत नाही. जिथे चूक सांगणाऱ्याला मार बसतो, तिथे चूक कपाटात जाते आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी पुन्हा बाहेर येते. उत्तर मागण्याचा हक्क आपल्याला जरूर आहे. तो लेखी मागा, केसपेपरच्या प्रती मागा, वरिष्ठांकडे तक्रार करा. हात उगारू नका.

आता, नेहमीप्रमाणे, घरी उपयोगी पडेल असे थोडे सांगतो.

घरात कोणी गरोदर असेल, तर पहिल्याच भेटीत रक्तगट आणि आर. एच. तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आई निगेटिव्ह असेल तर वडिलांचाही गट पाहा. वडील पॉझिटिव्ह असतील, तर 'इनडायरेक्ट कूम्ब्स' ही तपासणी झाली का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कादंबरीत ज्या तपासणीसाठी एवढे रामायण झाले, ती आता सर्रास होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९६८ पासून अँटी-डी नावाचे इंजेक्शन उपलब्ध आहे. आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वीच ते दिले, तर पुढच्या बाळाचा धोका बहुतांशी टळतो. ते साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपात झाला किंवा करावा लागला, तरीही डॉक्टरांना याविषयी विचारायचे असते. हे अनेकांना ठाऊक नसते आणि नेमके तिथेच राहून जाते. एलिझाबेथच्या काळात हे इंजेक्शन नव्हते. आज आहे. ते विचारायचे राहिले म्हणून बाळ गमावावे लागू नये.

गाठीचा तुकडा तपासायला दिला असेल आणि निदान गंभीर असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नको. त्यासाठी काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळा प्रयोगशाळेतून मागून घेता येतो. चांगला डॉक्टर यात अपमान मानीत नाही. पिअर्सन यांच्यासारख्या तापट माणसानेही काचपट्ट्या बाहेर पाठवल्याच ना?

रक्त चढवताना बाटलीवरचे किंवा पिशवीवरचे नाव, गट आणि नंबर केसपेपरशी ताडून पाहायला सांगा. आपल्या माणसाचे पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगा. रक्त सुरू झाल्यावर थंडी, ताप, कंबरदुखी, धाप यांपैकी काही जाणवले, तर ताबडतोब सिस्टरांना हाक मारा.

खानावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय चालवणाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्यांची वेळोवेळी तपासणी करून घ्यावी, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुण्याची सोय भटारखान्याजवळच ठेवावी आणि भांडी कडकडीत पाण्याने धुवावीत.

आणि एक शेवटचे. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात आणि एखाद्या सिस्टरांनी डॉक्टरांना थांबवून काही विचारले, तर 'हिला काय कळते' असे म्हणू नका. डॉक्टरांनी थांबून केसपेपर पाहिला, तर 'याला काही येत नाही' असेही म्हणू नका. उलट असे समजा, की आपला माणूस चांगल्या ठिकाणी आहे.